पाऊण इंची पेच

“कशात मारायचाय?” असं लोखंडी सामानाच्या दुकानातल्या गनीभाईंनी विचारलं आणि माझी अब्रू गेली. चौदा वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस मी. तीन साहेबांच्या हाताखाली एकही मेमो घेतला नाही. पण नगरच्या भर बाजारात, दोन शेतकरी आणि एक हमाल कान टवकारून ऐकत असताना, मला एका स्क्रूबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही.

खरं तर माझी निम्मी अब्रू त्याआधीच गेली होती. दुकानात शिरल्या शिरल्या मी ऐटीत म्हणालो होतो, “एक ग्रोस मळसूत्री खिळे द्या.”

“मंगळसूत्र सोनाराकडं मिळतं, साहेब. पुढची गल्ली.”

“मंगळसूत्र नव्हे हो, मळसूत्री! मळसूत्री खिळे! असे फिरवून फिरवून बसवतात ते.” मी हवेत मनगट फिरवून दाखवलं. हमाल हसला.

“या अल्ला, तो पेच! मग सरळ पेच बोला ना. स्क्रू बोला. कशात मारायचाय?”

आता, पेच हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. पेचात मी जन्मभर सापडत आलोय. पण माझ्या जिभेवर त्या दिवसांत आमच्या कलेक्टर कचेरीतले हेडक्लार्क आप्पासाहेब बसले होते. कारभार मराठीतून करा असं परिपत्रक वरून आलं तेव्हा बाकीच्या ऑफिसनं ते वाचून सही करून पुढे सरकवलं. आप्पासाहेबांनी ते अंगात आणलं. त्यांच्या टेबलावरून इंग्रजी शब्द जिवंत सुटायचा नाही. टाचणी, नस्ती, अनुज्ञा असं करत करत ते थर्मासपर्यंत पोचले होते. माझ्या अर्जातल्या ‘स्क्रू’चे मळसूत्री खिळे त्यांनीच केले, आणि ‘हार्डबोर्ड’चा ‘कठीण फळा’ही त्यांचाच. तिसरा एक शब्द त्यांनी बदलला, त्याची हकिगत पुढे येईल. त्यानं माझं घर बुडायचंच बाकी ठेवलं होतं.

मुळात हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगतो. मिरजगावच्या पलीकडे आमची वाडी. तिथं माझा थोरला भाऊ सहादेव, म्हणजे आमचा दादा, शेती करतो. आईवडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. दादा स्वतः शाळा सोडून औताला लागला आणि मला शाळेत घातलं. त्याची मुलगी छबू त्या वर्षी, म्हणजे एकाहत्तर साली, सातवीला पहिली आली. वाडीची शाळा सातवीलाच संपते. मी म्हणालो, माझ्याकडे नगरला पाठव. मे महिन्यात दादा छबूला घेऊन आला, आमचं सरकारी क्वार्टर त्यानं उभ्या उभ्या नजरेखाली घातलं आणि म्हणाला, “पोर बसनार कुठं? पुढची एक खोली आन् मागं सैपाकघर. तुझ्याकडं सकाळ-संध्याकाळ मानसं येत्यात. मोठी व्हाया लागली ती आता. आडोसा कर. आडोसा झाला की पाठवतो. न्हाई तर तिच्या मामानं एक पोरगं बघून ठिवलंय करमाळ्याकडं. जमीन हाय, इंजिन हाय.”

‘इंजिन हाय’ म्हटल्यावर मी घाईघाईनं ‘करतो’ म्हणालो. पाण्याच्या इंजिनापुढे आठवीचं गणित टिकणं अवघड. निघताना छबूनं मला हळूच बाजूला घेतलं आणि विचारलं, “काका, आडोसा म्हंजी केवढा लागतो? माझ्यापुरता लहान बी चालंल.”

मी म्हणालो, तू बघच. आणि बायकोला म्हणालो, दादाला आधी काही सांगायचं नाही. चौदा जूनला शाळा उघडते, त्या दिवशी तो तिला सोडायला येईल तेव्हा एकदम खोलीच दाखवायची. बायको म्हणाली, “आधी होऊ तर दे.” आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, म्हणजे ती अनुभवाचं बोलत होती.

भिमाजी सुतारानं खोलीच्या मधोमध पट्ट्यांची चौकट उभी केली. त्यावर दोन बाजूंना दोन हार्डबोर्ड ठोकायचे, मधे जाण्यायेण्यापुरती फट ठेवायची, तिला पडदा, झाली खोली. बोर्ड भिंतीला टेकवून भिमाजी म्हणाला, “मेव्हणीचं लगीन हाय, चार दिसांत येतो,” आणि गेला. सुताराचे चार दिवस म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला मी वेगळं सांगायला नको. वाट बघून मी जाहीर केलं, “चार स्क्रू पिळायला सुतार कशाला? मी पिळतो.” ह्या वाक्यानंतर बायको स्वैपाकघरात गेली आणि देवापुढे काहीतरी पुटपुटली.

अर्जाचं सांगायचं राहिलं. क्वार्टरच्या भिंतीला खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते. चौकट भिंतीत रुतवायची म्हणून मी रीतसर अर्ज लिहिला: ‘विषय: राहत्या क्वार्टरमध्ये हार्डबोर्डचे पार्टिशन स्क्रू मारून करण्यास परवानगी मिळणेबाबत.’ आप्पासाहेबांनी चष्मा पुसला, लाल पेन्सिल घेतली आणि एका ओळीत पाच ठिकाणी माझं रक्त काढलं. “रंगनाथराव, मराठी माणूस ना तुम्ही? पार्टिशन म्हणजे काय? वाटणी! घ्या लिहून.” नवीन विषय झाला: ‘राहत्या घराची वाटणी कठीण फळ्यांद्वारे व मळसूत्री खिळे मारून करण्यास अनुज्ञा मिळणेबाबत.’ खाली माझं नाव, हुद्दा, मूळ गाव, तालुका कर्जत. मी सही ठोकली. तसं बघितलं तर वाक्याला चालही छान होती.

गंमत म्हणजे तिसऱ्याच दिवशी भिमाजीनं (हे लग्नाला जाण्यापूर्वी) चौकट दोन भिंतींच्या मधे पाचर ठोकून घट्ट बसवली. भिंतीला एकही भोक पडलं नाही. म्हणजे परवानगीची गरजच उरली नाही. मी आप्पासाहेबांना म्हणालो, अर्ज परत द्या. ते म्हणाले, त्यासाठी अर्ज करावा लागेल. मी म्हटलं, मरू दे, पडून राहील. चौदा वर्षांत मी एवढं शिकायला हवं होतं की जो कागद हवा असतो तोच पडून राहतो.

तर गनीभाईंच्या दुकानात परत येऊ. ते विचारत होते, “लाकूड किती जाड? बोर्ड किती? डोकं चपटं की गोल? किती नंबर?”

मी म्हणालो, “चांगले मजबूत द्या.”

“साहेब, एक काम करा. लाकडाचा तुकडा घेऊन या, बोर्डाचा तुकडा घेऊन या. हातात धरून सांगतो.”

हातात लाकडं घेऊन बाजारातून जायचं? वरिष्ठ लिपिकानं? मी म्हणालो, “दोन इंची द्या,” आणि पुडी घेऊन तडक घरी आलो.

आमच्या शेजारी राधाकृष्णनाना राहतात. रिटायर्ड ओव्हरसियर. जिल्ह्यातले निम्मे पूल आपण बांधले आणि उरलेले निम्मे आपल्याला न विचारता बांधले म्हणून खचले, असं त्यांचं म्हणणं. मी पेचकस हातात घेतल्याचा त्यांना वास आला असावा. खुर्ची घेऊनच आले. “दोन इंची? शाब्बास. लांब स्क्रू कधीही चांगला. आखूड स्क्रू म्हणजे आखूड बुद्धी.”

सबंध शनिवार दुपार मी स्क्रू पिळत होतो. लाकूड इतकं हट्टी की तळहाताला फोड आले. मग नाना म्हणाले, “साबण लावा, सरसर जातात.” मी बायकोची माहेरून आलेली चंदनाची वडी आणली. खरोखरच सरसर गेले. इतके सरसर गेले की दीड इंची पट्टी संपली तरी ते थांबले नाहीत. संध्याकाळी बायको पलीकडच्या बाजूनं केर काढायला गेली आणि पदर अडकला. बघते तर चौकटीला खालपासून वरपर्यंत पाव पाव इंच टोकं. “छबूला अभ्यासाला बसवायचंय की कुंपणात घालायचंय?” तिनं विचारलं. हे चालू असताना नाना “बघू बघू” करत मागे सरकले आणि टेकले. त्यांचा सदरा पाठीवर दोन ठिकाणी फाटला. पण माणूस मोठा. म्हणाले, “पकड मजबूत आहे.”

पुढच्या खेपेला मी तयारीनं गेलो. ऑफिसात बसून तीन रंगांच्या शाईत नकाशा काढला: पट्टी, बोर्ड, बाण, बाणावर आकडे. गनीभाईंनी तो उलटा धरला, सुलटा धरला, शेजारच्या दुकानदाराला दाखवला. “नक्शा एक नंबर आहे, साहेब. पण लाकडाचा तुकडा आणायला सांगितलं होतं ना?”

“त्यात सगळं लिहिलंय.”

“लिहिलंय हो. कागद हातात धरून जाडी कळते का?”

मला राग आला. माणसानं लेखी दिलेलं कोणी नाकारलं की मला राग येतो. मी अर्धा इंची घेतले. लांबनं दगा दिला तर आखूडनं तरी नीट वागावं, असा माझा विचार. बोर्ड बसला, दिसायला तर झकास दिसला. नाना कपबशी घेऊन उद्घाटनाला आले. पहिला घोट घेतला आणि बोर्ड वरच्या कडेनं सावकाश पुढे झुकू लागला. कुणाला घाई नव्हती. नाना म्हणाले, “रंगनाथराव, हे येतंय वाटतं,” आणि ते आलं. चहा, बशी, नाना आणि मी, चौघंही बोर्डाखाली. बायकोनं पहिल्यांदा बशी काढली. ती सहाच्या सेटमधली होती.

तिसऱ्या खेपेला मी दुकानात न जाता लांबूनच ओरडलो, “एक इंची!” गनीभाईंनी लांबूनच “नंबर?” विचारलं. मी त्या दिवशीच्या तारखेवरून ‘चार’ म्हणालो. लांबी यावेळी बेताची होती, पण डोकी एवढी बारीक की पिळता पिळता बोर्डातून आरपार आत जायची. पेच लाकडात, बोर्ड मोकळाच. जूनची सहा तारीख उजाडली. रविवार. शाळेला आठ दिवस उरले होते. इकडे आडोशाचं हे असं आणि तिकडे करमाळ्याचं ते इंजिन मला स्वप्नातसुद्धा फटफट ऐकू येऊ लागलं होतं.

त्या रविवारी सकाळी बायको नळावर गेली होती. मी आतल्या बाजूला, म्हणजे छबूच्या होणाऱ्या खोलीत उभा होतो. बोर्ड बाहेरच्या अंगाला वरच्या एका पेचावर कसाबसा लोंबकळत होता आणि मी आतून चौकटीला कपाळ आणि एक गुडघा टेकून तो दोन्ही हातांनी ओढून धरला होता. दुसरा पेच दातात. तेवढ्यात बाहेरून दार खाडकन् उघडलं.

“रंग्या!”

दादाचा आवाज. मी दातातला पेच थुंकला. “दादा? ये ये! जरा थांब हं, माझे हात—”

“घातलीस का भिंत? रानात मागितलीस ती कमी पडली व्हय? म्हून घरात बी घालून दावतोस?”

“दादा, ही भिंत नाही. कठीण फळा आहे!” तोंडातून आप्पासाहेब निसटले, त्याला माझा इलाज नव्हता.

“काल तलाठी आल्ता वाडीवर. साऱ्या मानसांम्होरं कागद वाचला. ‘तुमच्या धाकट्या भावानं राहत्या घराच्या वाटनीचा अर्ज केलाय. हरकत असंल तर जबाब द्या.’ अरं, मागायचंच हुतं तर मला मागायचं! मी न्हाई म्हनलो असतो का? सरकारला कशाला सांगितलंस?”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्या प्रकाशात मला आमची आवक-बारनिशी दिसली. त्या रजिस्टरात विषयाचा रकाना अरुंद आहे. ‘राहत्या घराची वाटणी’ एवढंच त्यात मावतं. कठीण फळे आणि मळसूत्री खिळे रकान्याबाहेर राहिले असणार. पुढे कागद वाटण्यांच्या टेबलावर, तिथून कर्जतला, कर्जतहून वाडीला. माझं वेतनवाढीचं प्रकरण वरच्या मजल्यावर जायला सव्वा वर्ष लागलं होतं. हा कागद तीन आठवड्यांत वाडीला पोचला होता.

“दादा, तो अर्ज तसला नाही!”

“सही तुझी हाय का न्हाई?”

“सही माझीच आहे, पण—”

“म्होरं ये. तोंड दाव.”

“येता येत नाही!”

“का? लाज वाटती?”

“बोर्ड पडेल!”

हे उत्तर मला स्वतःलाही पटण्यासारखं वाटलं नाही. मला फक्त फटीतून दादाच्या वहाणा दिसत होत्या, त्याला माझी बोटं दिसत असतील. सख्ख्या भावांनी भांडावं आणि मधे बोर्ड असावा, तोही मीच धरलेला! मी कळवळून म्हणालो, “दादा, तू आत ये. इकडून ये, फट आहे. आत येऊन बघ, सगळं कळेल.”

“ह्या भिंतीच्या पल्याड मी पाय टाकनार न्हाई. आन् छबूला बी टाकू देनार न्हाई. आजच तिच्या मामाला सांगावा धाडतो.”

ते ऐकलं आणि त्याला अडवायला मी एक हात सोडवला. वरचा पेच सुटला. सबंध बोर्ड चौकटीतून निसटून बाहेरच्या बाजूला, दादाच्या अंगावर कलला.

“दादा, धर!”

आणि दादानं धरला. त्याच्याही नकळत धरला. विहिरीत पोहायला शिकताना, झाडावरून उतरताना, पहिल्यांदा नगरच्या यस्टीत चढताना मी ‘दादा, धर’ म्हणालो की त्यानं धरलेलंच आहे. रागात असला म्हणून हात थोडेच विसरतात. आता तो त्या बाजूनं धरून उभा, मी या बाजूनं. सोडता कुणालाच येईना. मला रडू यायला लागलं आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात बायको हंडा घेऊन आली. “अगं बाई, भावजी! कधी आलात? आल्या आल्या तुम्हालाही जुंपलं का ह्यांनी? छबूची खोली बघितलीत?”

“कुनाची खोली?”

“छबूची. तुम्हीच म्हणाला होतात ना, आडोसा करा म्हणून? ह्यांना तुम्हाला एकदम दाखवायची होती. तीन आठवडे चाललाय हा तमाशा.”

दादा माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. त्यानं टाचा उंचावल्या आणि बोर्डावरून आत बघितलं. आत फळी होती. फळीवर आठवीची पुस्तकं. बायकोनं त्यांना खाकी कव्हरं घातली होती आणि मी माझ्या ठेवणीतल्या अक्षरात नाव घातलं होतं: कु. छबू सहादेव, इयत्ता आठवी. खुंटीला तिच्यासाठी शिवलेला शाळेचा झगा. दादा बराच वेळ बघत राहिला. 

“मंग कागदात वाटनी कसली?” शेवटी त्यानं विचारलं. आवाज खाली आला होता.

मी सांगितलं. पार्टिशन, आप्पासाहेब, लाल पेन्सिल, अरुंद रकाना, सगळं. 

“मी आडोसा म्हनलो हुतो. तुला आडोसा ल्हिता येत न्हाई?”

“आप्पासाहेब म्हणाले—”

“चवदा वर्सं काय ल्हितोस मंग तू हापिसात?”

“आधी बोर्ड खाली ठेवू या,” मी म्हणालो. 

बोर्ड खाली ठेवल्यावर दादानं जमिनीवरचे माझे तिन्ही जातींचे पेच चिवडले आणि कपाळाला हात लावला. मग भिमाजीनं टाकलेल्या पट्टीचा एक तुकडा उचलला, बोर्डाची एक ढलपी उचलली, दोन्ही एकावर एक ठेवून अंगठ्याचं पेर लावलं. “फळीतून जाऊन लाकडात निम्म्याच्या आत ऱ्हायला पायजे. पेरभराला थोडा कमी. चल दुकान दाव.”

गेलो. दादा हातात लाकडं घेऊन बाजारातून चालत होता आणि कुणीही त्याच्याकडे वळून बघत नव्हतं. गनीभाईंनी ते दोन तुकडे बघितले आणि त्यांचा चेहरा खुलला. बोटात धरले, दाबले, डब्यात हात घातला. “पाऊण इंची, आठ नंबर, चपटं डोकं. हे घ्या.” सबंध व्यवहाराला अर्धं मिनिटही लागलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “साहेब, तुमच्या घरातले शिकलेले भाऊ हेच का?”

दादा वाडीवरून निघाल्यापासून पहिल्यांदा हसला. आमच्या इज्जतीचं काही का होईना, त्याला हसलेलं बघून मला बरं वाटलं.

घरी येऊन त्यानं गिरमिटानं आधी बारीक भोकं पाडली. पेच एरंडेलात बुडवले. “साबन? साबनानं लाकडातल्या पेचाला गंज येतो, येड्या.” मग इकडेतिकडे बघत म्हणाला, “चामडं पायजे. डोक्याखाली चकती घातली की फळी फाटत न्हाई. इंजिनाला घालत्यात तशी.” आणि मी काही बोलायच्या आत माझी डावी वहाण उचलून विळीवर कापायला घेतली. मी म्हणालो, अरे, ती चालू वहाण आहे! तो म्हणाला, “हापिसात बसूनच असतोस ना?” नाना खुर्ची घेऊन आले होते. त्यांनी “पुलाला असंच करतात” म्हणून मान डोलावली. दोन तासांत दोन्ही बोर्ड बसले. दादानं खांदा लावून धडक दिली. बोर्ड हलला नाही. मग तो फटीतून आत गेला, फळीवरचं एक पुस्तक उचललं, छबूच्या नावावर बोट फिरवलं आणि होतं तसं ठेवून दिलं.

चारच्या यस्टीला निघताना म्हणाला, “चवदा तारखेला घिऊन येतो.”

छबू आली. तिनं बोर्डावर टिचकी मारून बघितली, आत गेली, बाहेर आली, परत आत गेली. “काका, हा आडोसा लई मोठा झाला,” म्हणाली. आवाज मात्र त्या बोर्डातून अजिबात अडत नाही. तिचे पाढे, तिच्या कविता, तिचा इतिहास आम्हाला दोघांना इतका पाठ झाला की पावसाळा संपेपर्यंत आम्ही नवरा-बायको आठवीच्या परीक्षेला बसलो असतो तरी निघालो असतो. आप्पासाहेबांना मी झाला प्रकार सांगितला. त्यांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, “वाटणी शब्द चुकलाच. विभाजन हवं होतं.”

गणपतीच्या सुमाराला ऑफिसात माझ्या नावानं एक लखोटा आला. तालुक्याहून. मी घरी नेला. छबूला सरकारी कागद वाचायची हौस, म्हणून तिनंच तो फोडला आणि आडोशाआडून मोठ्यानं वाचायला लागली. “‘अर्जदार श्री. रंगनाथ यांचा राहत्या घराचे वाटणीचा अर्ज, सहहिस्सेदार श्री. सहादेव यांचा सोबतचा जबाब पाहता, नामंजूर करण्यात येत आहे.’ काका, खाली आन्नांचा जबाब बी जोडलाय. वाचू?”

तिचे आन्ना म्हणजे आमचा दादा. मी म्हणालो, वाच. दादानं भांडणाच्या भरात काय काय लिहून दिलंय ते कळेल, म्हणून मी मनाची तयारी करून बसलो.

“‘विचारल्यावरून जबाब लिहून देतो की, रंगनाथ यास मी लहानाचा मोठा केला आहे. तो वाटणी मागणार नाही. अर्जावर सही त्याची असल्यास ती त्यास कोणी तरी फसवून घेतली असावी. तरी पण तो मागतच असेल तर विहिरीकडील चांगली जमीन त्यास द्यावी. तो नोकरीचा माणूस, त्यास माळरान कसता येणार नाही. मला माळ चालेल. जबाब वाचून दाखविला, बरोबर आहे.’ सही. तारीख पाच जून.”

पाच जून म्हणजे शनिवार. माझ्या दारात येऊन तो गरजला त्याच्या आदल्या दिवशीचा जबाब. साऱ्या वाडीसमोर, तलाठ्यापुढे, मनात आग पेटलेली असताना माणूस हे लिहून देऊन आला होता, आणि मला त्यातलं एक अक्षरही बोलला नव्हता. बायको डोळ्याला पदर लावून स्वैपाकघरात गेली. मी पेच शोधायच्या निमित्तानं ट्रंकेमागे वाकलो आणि बराच वेळ तिथंच राहिलो. छबू पलीकडून म्हणत होती, “काका, नामंजूर म्हंजी वाईट का चांगलं?” 

तो कागद, खाली जोडलेल्या जबाबासकट, मी काचेच्या चौकटीत घातला. दादानं आणलेल्या पेचांतला एक उरला होता. गिरमिटानं भोक पाडलं, पेच एरंडेलात बुडवला आणि चौकट आडोशावरच लावली. माझ्या हातानं लावलेली आणि अजूनपर्यंत न पडलेली आमच्या घरातली ती एकमेव वस्तू.

दिवाळीला दादा छबूला न्यायला आला. त्या चौकटीकडे त्याचं लक्ष गेलं. “हे काय टांगलंस?”

“ऑफिसचा कागद आहे. नामंजूर झाला.”

तो जवळ गेला. थोडं वाचलं असावं, कारण त्याची मान मधेच थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. चौकट जराशी उचलली, मागचा पेच अंगठ्यानं चाचपला.

“पाऊन इंची हाय न्हवं?”

“हाय, दादा,” मी म्हणालो.